हिंगुळाची खूण

कोल्हार,
५ जानेवारी २०२५

आत्या,

नमस्कार. फोन लावला की तुझ्या कानातलं मशीन शिट्ट्या मारतं, म्हणून पुन्हा कागद घेऊन बसले. सुनील चिडवतो, बायको सावेडीच्या फ्लॅटमधली आणि पत्रं लिहिते जुन्या तलाठ्यासारखी. लिहू दे. या घरात मी जेवढं बोलते त्यापेक्षा तुला जास्त लिहिते.

बातमी वाईट आहे. दिवाळीत तू मला खुडूक तांबडी आणि चौदा अंडी अर्धलीनं दिलीस, निघालेल्या पिल्लांतली अर्धी तुझी, अर्धी माझी. नऊ निघाली, एक दुसऱ्याच दिवशी गेलं, हे तुला कळवलं होतं. गेल्या रविवारी भरदुपारी मुंगसानं तांबडीलाच धरलं. मी ओरडत धावले तोवर ती गेली होती. आठ पिल्लं तुरीच्या काड्यांखाली दडून बसली होती आणि एकही ओरडत नव्हतं. मला त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली.

आता ती आठ जणं मागच्या पडवीत डालग्याखाली आहेत. त्यांना मीच आई. कण्या भिजवून घालते, पाणी बदलते, जवळ गेले की पायावर चढतात. हसू नकोस, पण लग्नाला सात महिने झाले, या घरात माझं म्हणावं असं तेवढंच आहे. भांडी सासूबाईंची, गोठा सासूबाईंचा, अंगणातल्या अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा सासूबाईंचा.

आणि भीती तीच आहे. संक्रांतीनंतर हळदीकुंकवाला बायका येतील, पडवी मोकळी हवी, म्हणून पिल्लं मोठ्या कोंबड्यांत सोडून दे, असं सासूबाईंनी सांगितलंय. राहीबाई एकदा बोलल्या की विषय संपला, हे तू लग्नातच पाहिलंस. त्यांच्या कोंबड्यांत एक काळी आहे. तिच्याआधी कुणी दाण्याला तोंड लावत नाही. परवा एक पिल्लू चुकून बाहेर गेलं, तर काळीनं त्याला एकदाच उचलून आपटलं आणि काही झालंच नाही अशी दाणे टिपायला लागली.

मी अंडीसुद्धा डेअरीतून आणून वाढलेली मुलगी. मला यातलं काही कळत नाही. कसं सोडू ते लवकर कळव.

तुझी,
ज्ञानेश्वरी


काष्टी,
१० जानेवारी २०२५

चि. ज्ञानेश्वरी,

तुझ्या आत्याचा भरभरून आशीर्वाद. तांबडी गेली, वाईट वाटलं. चांगली बसणारी होती. पण मुंगसालाही पोट आहे, त्याला काय बोलायचं.

आता घाबरणं बंद कर आणि वाच. कोंबड्यांत बळी तो कान पिळी, आणि नवीन येईल त्याला आधी टोचा बसणारच. तो किती बसावा हे मात्र आपल्या हातात असतं. डालगं उचलून अंगणातच ठेव, खुराड्याच्या तोंडाशी. आठ दिवस मोठ्यांनी बाहेरून बघावं, लहानांनी आतून बघावं. दाणे दोन्हीकडे एकाच वेळी टाक, म्हणजे एकत्र जेवायची सवय लागते. तोंडओळख झाली की मगच सोड. सोडशील त्या दिवशी दाणे एका जागी टाकू नकोस, सगळ्या अंगणात उधळ, म्हणजे भांडायला कुणाला फुरसत राहत नाही. आणि एक जुनी बांबूची पाटी उपडी घालून तिच्या एका बाजूला वीट लाव. पिल्लू आत शिरेल पण काळीचं अंग शिरणार नाही एवढीच फट ठेव. पळून जायला जागा असली की पिल्लू मरत नाही.

दुसरं, माझ्या चार पिल्लांना खूण कर. हसशील, म्हातारीला वाट्याची पडली आहे. ती चार पिल्लं मला काय करायची? पण एकदा घरच्या कोंबड्यांत मिसळली की तुझी कोणती, माझी कोणती आणि राहीबाईंची कोणती हे सांगायला देव येत नाही. सासरी आपलं काय आहे ते खूण करून ठेवावं, पोरी. पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला हिंगूळ घरात उरला असेलच. आमच्याकडे मेंढरांच्या पाठीवर तांबडा पट्टा ओढतात, लांबून ओळखू येतो. तसं मानेवर एकेक बोट ओढ. तेलातला असतो, लवकर जात नाही.

काळीला भिऊ नकोस. ती भीती ओळखते. मी हे कोंबड्यांबद्दल सांगते आहे, सासूबद्दल नाही. सासूला थोडं भ्यायला हरकत नाही.

तुझी आत्या,
लंका


कोल्हार,
२१ जानेवारी २०२५

आत्या,

अक्षराकडे बघू नकोस, उजव्या हाताला पट्टी आहे.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. डालगं आठ दिवस अंगणात ठेवलं, दोन्हीकडे दाणे टाकले. काळीही निवळल्यासारखी वाटत होती. रविवारी सकाळी हळदीकुंकवाची झाडलोट सुरू झाली, तेव्हा पिल्लं सोडली. सोडण्याआधी चौघांच्या मानेला खूण केली. दाणे उधळले. पाटी ठेवली होती.

पहिली पाच मिनिटं काही झालं नाही. मग काळीनं मान वाकडी करून एका पिल्लाकडे पाहिलं. आत्या, ते पाहणं मला विसरता येत नाही. तिनं मानेवरच चोच मारली. पिल्लू ओरडलं आणि बाकीच्या सगळ्या धावून आल्या, ज्या आठ दिवस शेजारी बसून दाणे खात होत्या त्या सगळ्या. एकीनं धरायचं आणि दुसरीनं टोचायचं. मी मध्ये हात घातला तर कोंबड्यानं उडी मारून नखीनं मनगट फाडलं. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मधी पडू नगं. नवीन आलेल्याला टोचा खावाच लागतोय. मग बसतंय त्याचं बस्तान."

एक त्याच दिवशी गेलं. दोघांच्या माना सोलून निघाल्यात, कातडं दिसतं. पाटीखाली जाऊन बसतात, पण भूक लागली की बाहेर यावंच लागतं, आणि बाहेर आलं की पुन्हा तेच. परत पडवीत आणू का विचारायचा धीर झाला नाही. रोज बायका येताहेत.

सकाळी मागचं दार उघडायची वेळ झाली की कडीवर हात ठेवून उभीच राहते. आज काय दिसेल कोण जाणे. सुनीलला फारसं सांगितलं नाही. कारखान्याचा सीझन आहे, तो थकून येतो, आणि सांगितलं तर म्हणेल एवढ्यासाठी रडतेस. पप्पांनाही कळवू नकोस, ते लगेच बीपीची गोळी शोधतील. सासूबाई काल विचारत होत्या, आत्याला येवढं काय लिवती? मी म्हटलं, सहज.

काय करू ते सांग. लवकर सांग.

ज्ञानेश्वरी


काष्टी,
२६ जानेवारी २०२५

चि. ज्ञानेश्वरी,

हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. माझी शेजारीण बनुबाई, तिची लेक तुमच्याच कोल्हारला दिलेली आहे. ती दोन दिवसांत सासरी परत निघेल. तुझ्याच हातात दे, दुसऱ्या कुणाच्या नको, असं तिला बजावलं आहे.

तुझं पत्र आलं. पाकीट एकदा उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं, डिंकावर डिंक. पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा कोंबड्यांचं म्हणून वाचलं. नंतर तसं वाचता येईना.

तुला एक गोष्ट सांगते. आजवर कुणाला सांगितली नाही. १९८१ साली मी एकोणीस वर्षांची होते, याच वस्तीवर नांदायला येऊन वर्ष झालं होतं. मालक हात उचलायचे. सासू उंबऱ्यात उभी राहून बघायची आणि शब्दाला शब्द हेच बोलायची, मधी कुनी पडू नका, बसंल तिचं बस्तान. माझं पत्र पोस्टात टाकायला थोरले दीर न्यायचे आणि वाचून मगच टाकायचे. म्हणून मी तुझ्या वडलांना कोंबडीचं पत्र लिहिलं. अजून पाठ आहे. इथल्या तांबड्या कोंबडीला बाकीच्या जगू देत नाहीत, तिची मान सोलून निघाली आहे, तू येऊन तिला घेऊन जा, नाहीतर ती वाचायची नाही.

पंधरा दिवसांनी दादाचं उत्तर आलं. अक्षर मास्तराला शोभेल असं. कोंबडीला आठ दिवस वेगळी ठेव. जखमेला हळद आणि राख लाव. बाकीच्यांना सवय झाली की आपोआप टोचायच्या थांबतील.

तुझ्या वडलांना कळलं नाही असं मी धरून चालले. भोळा माणूस, पुस्तकातला. मी हळद आणि राख लावली. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. आमच्या घरात पंधरा वर्षं राहिलं, मालक गेले तोपर्यंत. ते पत्र लिहिलं त्याच्या आठ दिवस आधी माझा डावा कान गेला होता. उजवा पुढं म्हातारपणानं गेला, त्यात कुणाचा दोष नाही. दोन्ही वयानं गेले असं मी सगळ्यांना सांगते. तुलाही तेच सांगितलं होतं.

म्हणून तुला सरळ विचारते. तुझ्या हाताला खरंच कोंबड्यानं मारलं का? सकाळी दार उघडवत नाही ते कोंबड्यांमुळं का? सुनीलला का सांगत नाहीस? की सांगण्यासारखा तोच नाही?

नुसत्या कोंबड्याच असतील तर तसं लिही, मी देवाला नारळ फोडीन. पण पत्र कुणी वाचत असेल तर काही लिहू नकोस. पाकिटात एक पीस घाल, बस. मी समजेन. दादाला वाटलं होतं तसं मला वाटणार नाही. मी येईन.

तुझी,
लंकाआत्या


कोल्हार,
३० जानेवारी २०२५

आत्या,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं ना?

काल आणखी एक गेलं. मी दार उघडलं तेव्हा ते पाटीच्या फटीत अर्धं आत आणि अर्धं बाहेर पडलेलं होतं. आता मला अंगणात पाऊल टाकवत नाही. जास्त लिहीत नाही, हात अजून दुखतो आणि सासूबाई इथंच शेंगा फोडत बसल्यात. त्यांच्यासमोर लिहायला नको वाटतं.

सोबत ठेवलंय ते बघ, म्हणजे तुझ्या लक्षात येईल. मला वाटतं मला कळलंय, पण तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

ज्ञानेश्वरी


काष्टी,
४ फेब्रुवारी २०२५

दादा,

वाल्मिकचा दुधाचा टेम्पो नगरला येतो, त्याच्या हाती ही चिठ्ठी देते आहे. आजच मिळेल.

तुझ्या लेकीच्या पाकिटातून पीस आलं आहे. त्याचा अर्थ तुला माहीत नाही, सांगत बसायला वेळही नाही. एवढंच समज की ती तिथं सुखात नाही आणि तिला ते लिहिता येत नाही. मी उद्या सकाळच्या गाडीनं निघते. नगरला गाडी बदलून अकरापर्यंत कोल्हारला पोचेन. रिकामी पिशवी घेतली आहे, तिचे कपडे भरायला.

तू येणार असशील तर कोल्हारच्या स्टँडवर ये. नाही आलास तरी मी जाणार आहे. मला ऐकू येत नाही ते बरंच आहे, तिथले लोक काय बोलतील ते बोलू देत.

मला भीती वाटते आहे, दादा. उशीर झाला असेल याची. या वेळी हळद आणि राख सांगू नकोस.

लंका


कोल्हार,
११ फेब्रुवारी २०२५

आत्या,

काल बनुबाईच्या लेकीनं तुझं २६ तारखेचं पत्र आणून दिलं. तिच्या मुलाला ताप होता म्हणून ती माहेरीच अडकली होती. गेल्या बुधवारी तू दारात का उभी राहिलीस ते मला काल कळलं.

तुला ऐकू येत नव्हतं आणि तू बोलू देत नव्हतीस, म्हणून तो दिवस मी माझ्या बाजूनं लिहून काढते. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. मांडीत पिल्लू होतं आणि त्या कोमट पाण्यात फडकं बुडवून त्याची मान पुसत होत्या. तू फाटकातून आलीस, कुणाला रामराम नाही की काही नाही, सरळ माझा हात धरलास आणि पट्टी सोडलीस. नखीची जखम उलटसुलट करून पाहिलीस. मग बाह्या वर केल्यास, केस बाजूला करून मान पाहिलीस, पदर ओढून पाठ पाहिलीस. सासूबाईंच्या देखत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मला वाटलं, आत्याचं डोकं फिरलं.

मग तू पिशवीतून ते पीस काढून माझ्यापुढं धरलंस. मी त्याच्या मुळाशी वाळलेला तांबडा रंग बोटानं दाखवला. त्यासाठीच तर ते पाठवलं होतं! मेलेली दोन्ही आणि सोललेली दोन्ही हिंगुळाची होती. बिनखुणेच्या चौघांना कुणी फारशी चोच लावली नव्हती. तुझी पाटी, तुझी फट, तुझे आठ दिवस, सगळं बरोबर होतं. खूण तेवढी चुकली होती. सासूबाईंना मी त्याच सकाळी धीर करून विचारलं, तर कपाळावर हात मारून म्हणाल्या, "हिंगूळ? आगं, रगात समजून टोचत्यात त्या. तांबडं दिसलं की कोंबडी थांबत न्हाई." मग स्वतःच फडकं घेऊन बसल्या होत्या. खूण करण्याआधीच विचारलं असतं तर दोघं वाचली असती. मी विचारलं नाही, कारण मला त्यांची भीती वाटत होती. पाकिटावरचा डिंकही माझाच. सासूबाई विचारतात ती ओळ घालायला मीच ते उघडलं होतं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. मला कुणी मारत नाही. सुनीलनं कधी आवाजही चढवला नाही. पण मी भीत नव्हते असं लिहिलं तर ते खोटं होईल. हे घर मला सात महिने त्या अंगणासारखंच वाटत होतं. कुणाच्या आधी जेवायचं नाही, कुठं उभं राहायचं नाही, हे कुणी सांगत नाही आणि चुकलं की सगळे बघतात. तू काही तरी ओळखलंस, फक्त ते होतं त्याच्या दसपट ओळखलंस.

आणि हे तुला ठाऊक नाही. तू माझी मान पाहत होतीस तेव्हा सासूबाई पिल्लाची मान पुसतच राहिल्या. मला वाटलं, आता वर्षभर ऐकावं लागणार. तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी भाकरी करताना पाठमोऱ्याच म्हणाल्या, "माझी मान बगाया कुनी आलं न्हवतं." एवढंच. मग म्हणाल्या, पिठाचा डबा दे.

पप्पांचं मात्र मला कोडं पडलंय. ते तीन वाजता आले. गाडी पंक्चर झाली म्हणाले. पण सुनीलच्या कारखान्यातल्या बजरंगनं त्यांना अकरा वाजता स्टँडवरच्या बाकावर बसलेलं पाहिलं होतं. काल तुझं पत्र वाचल्यावर मी त्यांना फोन केला आणि १९८१ च्या कोंबडीचं विचारलं. त्यांनी टीव्ही बंद केला. म्हणाले, मी लंकाला लिहितो.

पिल्लं सहा आहेत. माना भरून येताहेत. आता रंग कुणालाच नाही, त्यामुळं वाटा कसा करायचा ते तूच सांग.

तुझी,
ज्ञानेश्वरी


सावेडी, अहिल्यानगर,
१७ फेब्रुवारी २०२५

लंका,

आशीर्वाद लिहिण्याचा अधिकार मला उरला आहे का ते माहीत नाही, म्हणून नुसतं लिहितो.

ज्ञानेश्वरीनं मला विचारलं, पप्पा, तुम्हाला तेव्हा खरंच कळलं नव्हतं का? आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. तूही नाही. तू सगळ्यांना सांगत आलीस, दादा भोळा आहे, आणि मी त्या भोळेपणाच्या आडोशाला राहिलो.

मला कळलं होतं. वाचताक्षणी कळलं होतं. पोरांना वर्गात गोष्टीचं तात्पर्य विचारणारा मी मास्तर, मला न कळायला काय झालं? त्याच रविवारी मी निघालो. काष्टीला उतरून भाड्याची सायकल घेतली आणि तुमच्या बांधापर्यंत आलो. तू विहिरीवर होतीस. चैत्राचं ऊन आणि तुझ्या मानेभोवती पदर गच्च गुंडाळलेला. एका हातानं पोहरा ओढत होतीस. मी बाभळीमागं उभा राहिलो. एकदा तुझा पदर सरकला आणि मी पाहिलं.

तुला घेऊन जायलाच आलो होतो, हे खरं आहे. पण तिथं उभा असताना माझ्या डोळ्यांपुढं अंथरुणाला खिळलेले बाबा आले, लग्नाच्या दोन धाकट्या बहिणी आल्या, लोक आले, तुझा नवरा आला. ही कारणं मी आयुष्यभर स्वतःला सांगितली. खरं कारण एवढंच की मी भ्यालो. मी सायकल वळवली. घरी येऊन ते हळदीचं आणि राखेचं पत्र लिहिलं. अक्षर नीट येईपर्यंत तीन वेळा लिहिलं.

परवा कोल्हारच्या स्टँडवरही तेच झालं. पंक्चर झालं नव्हतं. तू गाडीतून उतरून तरातरा गेलीस, मी तुला पाहिलं आणि माझ्यानं उठवेना. तिच्या घरी काय बघायला लागेल या भीतीनं चार तास बाकावर बसलो. माझ्या पोटच्या मुलीसाठी! शेवटी उठलो, पण उठेपर्यंत तू सगळं एकटीनं बघून घेतलं होतंस.

क्षमा मागत नाही. मागायची वेळ ४४ वर्षांपूर्वी त्या बांधावर होती. तुला फक्त कळावं म्हणून लिहिलं.

काकासाहेब


काष्टी,
२२ फेब्रुवारी २०२५

दादा,

तुझं पत्र मिळालं. कार्डावर मावेल एवढंच लिहिते.

ज्ञानेश्वरीची सहा पिल्लं आता काळीच्या मागंमागं फिरतात असं तिनं कळवलं आहे. वाटा नको म्हणून सांगितलं, सगळी तिथंच राहू देत.

तू आला होतास ते मला माहीत आहे. बाभळीमागं मला तुझी टोपी दिसली होती. तू सायकल वळवलीस तेव्हा मी पोहरा विहिरीत सोडून दिला आणि तुला हाक मारली. माझ्या कानात तेव्हा नुसतं वाजत होतं, माझाच आवाज मला येत नव्हता, त्यामुळं हाक केवढी निघाली ते मला आजवर कळलेलं नाही.

ती तुला ऐकू आली होती का, एवढं लिही.

लंका